पार्सलचोराला अद्दल घडवायची कुणी?

अमेरिकेतल्या उपनगरांत कुरिअरवाला पार्सल दारापुढच्या पायरीवर ठेवतो, त्याचा फोटो काढतो आणि निघून जातो. घरातलं माणूस संध्याकाळी परतेपर्यंत ते खोकं उघड्यावर पडून असतं. मधल्या वेळात कुणी गाडी थांबवून ते उचललं, तर चोरी उरकायला काही सेकंद पुरतात. या भुरट्या चोरीवर उपाय म्हणून हौशी कारागिरांनी घरच्या घरी, आमिषाच्या खोक्यात दडवायची, निरनिराळी यंत्रं बनवली आहेत, आणि त्यांच्यावरून जो वाद चालतो तो दोन्ही बाजूंनी फार वाईट घातला जातो. एक बाजू म्हणते, चोर चमकीनं माखला, त्याच्या कानाशी बार निघाला, त्याला विजेचा झटका बसला, तर तुमचं काय गेलं? त्याला चोरी करायचं निमंत्रण दिलं होतं का कुणी? दुसरी बाजू म्हणते, हे बेकायदेशीर आहे, अंगाशी येईल, करू नका. आणि एवढं बोलून थांबते. पहिलीकडे राग आहे पण विचार नाही, दुसरीकडे कलमं आहेत पण त्यांच्यामागची कारणं नाहीत. ऐकणाऱ्याचा समज मग असा होतो की कायदा चोराच्या बाजूचा आहे आणि सरळमार्गी माणसानं तो बाजूला सारून आपला न्याय आपण करावा.

माझी भूमिका स्पष्ट आहे. पार्सल राखण्यासाठी कुलूप, पेटी, दिवा, कॅमेरा, भोंगा, ट्रॅकर, जे हवं ते लावायचा घरमालकाला पूर्ण हक्क आहे आणि त्यासाठी त्याला कुणी नावं ठेवू नयेत. पण आपण जागेवर नसताना कुणाच्या तरी अंगावर काही उडवणारं, भाजणारं, झटका देणारं यंत्र लावून ठेवणं ही राखण होत नाही. ती शिक्षा असते, आणि ती नेमकी कुणाला होणार हे ती देणाऱ्यालाही ठाऊक नसतं. कायद्यानं इथे रेघ ओढली ती चोराच्या कळवळ्यापोटी ओढलेली नाही. तिच्यामागे अशा सापळ्यांनी जायबंदी झालेल्या माणसांचा दोनशे वर्षांचा अनुभव आहे, आणि त्यांतली काही माणसं चोर नव्हतीच.

आधी रागाची बाजू पुरती मान्य करू, कारण तो राग खोटा नाही. चोरीला गेलेल्या खोक्यात महिन्याची औषधं असू शकतात, आजोबांच्या श्रवणयंत्राचा सुटा भाग असू शकतो, मुलाच्या वाढदिवसाची भेट असू शकते. कंपनी कदाचित पैसे परत करील, पण त्या दिवशी लागणारं औषध त्या दिवशी मिळत नाही. पोलिसांत गेलं तर तक्रारीचा क्रमांक मिळतो आणि बहुतेक वेळा प्रकरण तिथेच संपतं. कायद्याची मांडणीही लोकांना चक्रावून टाकणारी आहे. सरकारी टपालातून आलेलं पार्सल चोरलं तर तो केंद्रीय गुन्हा ठरतो आणि पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. तेच खोकं खासगी कुरिअरनं आलं असेल तर ते राज्याच्या चोरीच्या कायद्याखाली जातं, आणि किंमत कमी असली की साधारणपणे किरकोळ चोरीत जमा होतं. कॅलिफोर्नियात ही मर्यादा ९५० डॉलर आहे. पायरी तीच, हात तोच, नुकसान तेच, आणि गुन्हा मात्र खोक्यावर कुणाचा शिक्का आहे यावरून लहानमोठा. टेक्सासनं २०१९ मध्ये यासाठी वेगळा कायदा केला, तो या असंतोषामुळेच. घराच्या उंबऱ्यापाशी येऊन कुणी हात मारतं, कॅमेऱ्यात त्याचा चेहरा स्वच्छ दिसतो, तरी काही होत नाही. अशा माणसाला 'शांत राहा' म्हणणं सोपं आहे, पण त्यात त्याच्या प्रश्नाचं उत्तर नाही.

या रागाला वाट करून दिली ती नासात काम केलेल्या मार्क रोबर या अभियंत्यानं. २०१८ च्या डिसेंबरात त्यानं आपल्या यूट्यूब वाहिनीवर एक खोकं दाखवलं. वरून एखाद्या महागड्या वस्तूचं पॅकिंग, आत गरगर फिरणाऱ्या भांड्यात बारीक चमकी, दर काही सेकंदांनी दुर्गंधी सोडणारा फवारा, आणि चारही बाजूंनी चित्रण करणारे चार फोन. खोकं पायरीवरून हललं की यंत्र जागं व्हायचं आणि चोरानं ते आपल्या जागी नेऊन उघडलं की चमकी उडायची. कारागिरी वाखाणण्यासारखी होती. कोट्यवधी लोकांनी ते पाहिलं, आणि जी शिक्षा व्यवस्था देत नाही ती कुणीतरी दिली या समाधानानं पाहिलं. काही दिवसांतच उघड झालं की त्यातल्या काही 'चोरां'च्या प्रतिक्रिया बनावट होत्या. रोबरनं मदतीला घेतलेल्या माणसाच्या ओळखीच्यांनी ती सोंगं वठवली होती. रोबरनं तो भाग काढून टाकला आणि जाहीर माफी मागितली. त्याचा प्रामाणिकपणा मी मानतो. माझा प्रश्न त्या खोक्याबद्दल आहे: ते कशाचं रक्षण करत होतं?

सगळा वाद या प्रश्नापाशी येऊन थांबायला हवा होता, पण तो कुणी विचारत नाही. मालमत्तेच्या रक्षणासाठी बळ वापरायची मुभा जवळपास प्रत्येक कायदा देतो, पण त्यासाठी रक्षण करायला मालमत्ता तरी हवी. सापळ्याच्या खोक्यात माल नसतो. ते चोरी व्हावी म्हणूनच दारात मांडलेलं असतं. चोरी झाली नाही तर बनवणाऱ्याचा हिरमोड होतो. खरं पार्सल तेव्हा घरात असतं, नाहीतर अजून वाटेवर असतं. दुसरं म्हणजे वेळ. आपली वस्तू कुणी उचलत असताना त्याला अडवणं, त्याच्या हातून ती हिसकावून घेणं याला बचाव म्हणता येतं. पण यंत्र उघडतं ते दहा मैलांवर, दोन तासांनी, दुसऱ्याच्या घरात. चोरी तोवर होऊन गेलेली असते, वस्तू काही परत येत नाही, आणि बळ वापरलं जातं ते निव्वळ अद्दल घडवायला. त्या क्षणी खोक्याचं झाकण कुणाच्या हातात असेल? चोराच्या धाकट्या बहिणीच्या, त्याच्या चार वर्षांच्या मुलाच्या, की ज्याला तो माल स्वस्तात विकला गेला त्याच्या, हे कोण सांगणार?

यावर उत्तर मिळतं की चमकीनं कुणी मरत नाही. बरोबर आहे. पण ही यंत्रं चमकीपाशी थांबलेली नाहीत. वॉशिंग्टन राज्यातल्या टॅकोमा शहरात एकानं खोक्याला मासे धरायची दोरी बांधून ती बारा गेजच्या बिनगोळीच्या काडतुसाला जोडली. खोकं उचललं की कानठळ्या बसवणारा बार. काडतुसात गोळी नाही म्हणून ते निर्धोक, असा लोकांचा समज आहे. अमेरिकी अभिनेता जॉन-एरिक हेक्सम १९८४ साली अशाच बिनगोळीच्या काडतुसानं गेला. चित्रीकरणाच्या वेळी त्यानं गमतीनं पिस्तूल कानशिलाला लावून चाप ओढला आणि नळीतून सुटलेल्या काडतुसातल्या बुचाच्या आघातानं त्याची कवटी फुटली. दोरी तीन फुटांची ठेवायची की सहा, नळीचं तोंड कुणीकडे करायचं, खोकं उचलायला वाकलेल्या माणसाचा चेहरा कुठे येईल, हे सगळं रविवारच्या दुपारी गॅरेजमध्ये बसून अंदाजानं ठरवलं जातं. आणि ज्याला आपण सौम्य समजतो त्याचंही तसंच आहे. दुर्गंधीचा फवारा बंद गाडीत, चालवणाऱ्याच्या तोंडासमोर सुटला, डोळ्यांत चमकी गेली, आणि गाडी समोरून येणाऱ्या सायकलवाल्यावर गेली, तर त्या सायकलवाल्याच्या घरच्यांना आपण काय सांगणार? चोराला धडा शिकवत होतो, असं?

इतिहासात याची सर्वांत चर्चिली गेलेली परीक्षा झाली ती आयोवा राज्यात. ब्रायनी नावाच्या शेतकरी जोडप्याकडे वारशानं आलेलं एक जुनं घर होतं. तिथे कुणी राहत नव्हतं, आणि दहा वर्षं चोर तिथे येत होते, खिडक्या फोडत होते, सामान नेत होते. ब्रायनींनी खिडक्यांना फळ्या मारल्या, 'आत येऊ नये' अशा पाट्या लावल्या, काही उपयोग झाला नाही. १९६७ च्या जूनमध्ये त्यांनी झोपण्याच्या खोलीत वीस गेजची बंदूक पलंगाला बांधली आणि तिचा चाप तारेनं दाराच्या मुठीला जोडला. नळी आधी पोटाच्या उंचीवर रोखलेली होती. बायकोनं सुचवलं म्हणून ती खाली, पायांकडे वळवली. बंदुकीची सूचना देणारी पाटी लावली नाही. महिन्याभरानं कॅट्को नावाचा माणूस जुन्या बाटल्या आणि बरण्या न्यायला एका जोडीदाराबरोबर आत शिरला, त्यानं ते दार उघडलं, आणि त्याच्या उजव्या पायाचा बराचसा भाग उडाला. चाळीस दिवस तो इस्पितळात होता. १९७१ साली आयोवाच्या सर्वोच्च न्यायालयानं ज्यूरीचा निकाल कायम केला: ब्रायनींनी कॅट्कोला वीस हजार डॉलर भरपाई आणि वर दहा हजार डॉलर दंडात्मक भरपाई द्यावी. त्यासाठी त्यांना ऐंशी एकर जमीन विकावी लागली.

हा निकाल ऐकला की कुणाचंही रक्त तापतं, आणि विरुद्ध बाजूचा सर्वांत जोरकस मुद्दा हाच आहे. दहा वर्षं लुटला गेलेला माणूस जमिनीला मुकतो आणि लुटायला आलेला तीस हजार डॉलर घेऊन जातो, हा कुठला न्याय? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या याच. पण दोन गोष्टी सहसा सांगितल्या जात नाहीत. एक, कॅट्को सुटला नव्हता. वीस डॉलरपेक्षा कमी किमतीच्या चोरीचा गुन्हा त्यानं कबूल केला आणि त्याला पन्नास डॉलर दंड व साठ दिवसांची स्थगित शिक्षा झाली. त्या चोरीची किंमत समाजानं एवढी ठरवली होती. बंदुकीनं ठरवली ती एक पाय. दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. त्या रात्री ब्रायनी स्वतः त्या खोलीत असते तर त्यांनी काय केलं असतं? दार उघडताना त्यांना बाटल्या शोधायला आलेला एक निःशस्त्र माणूस दिसला असता. ते ओरडले असते, बंदूक नुसती दाखवली असती, आणि बहुधा तो पळून गेला असता. बरण्यांसाठी त्याला पाहून, समजून-उमजून गोळी घालायचा हक्क त्यांना कायद्यानं नव्हताच. मग जे माणसाला समोर उभं राहून करता येत नाही, ते तारेनं आणि चापानं करायचा हक्क त्याला कुठून येणार? घरमालक तिथे नव्हता म्हणून त्याचा हक्क वाढला, असं म्हणणं आहे का?

कॅलिफोर्नियाच्या सर्वोच्च न्यायालयानं १९७४ साली हेच आणखी स्पष्ट शब्दांत मांडलं. तिथे एकानं गॅरेजच्या दाराला पिस्तूल जोडून ठेवलं होतं आणि कुलूप उचकटून दार उघडणाऱ्या सोळा वर्षांच्या निःशस्त्र मुलाच्या तोंडावर गोळी लागली. सापळा लावणाऱ्याला फौजदारी शिक्षा झाली आणि ती कायम राहिली. न्यायालयाचं म्हणणं थोडक्यात असं होतं की माणूस हजर असेल तर एवढ्या बळाची गरज नाही हे त्याच्या ध्यानात येण्याची शक्यता तरी असते. यंत्राला दयाही नसते आणि तारतम्यही नसतं. लहान मुलं, आग विझवायला आलेले जवान, कर्तव्यावर असलेले पोलीस, यांच्यात आणि चोरात ते फरक करू शकत नाही.

हा फरक करता न येणं म्हणजे काय, हे पाहायला इंग्लंडमधल्या ब्रिस्टलजवळच्या एका बागेत जावं लागेल. साल १८२५. होलब्रुक नावाच्या माणसाची भिंतीनं वेढलेली ट्युलिपची बाग होती. त्या काळी ट्युलिपचे कंद चांगलेच मोल राखून होते, आणि त्याच्या बागेतून वीस पौंडांची फुलझाडं चोरीला गेली होती. त्यानं बागेत आडव्या तारा ताणून चापाची बंदूक लावली. पाटी लाव असं त्याला सुचवण्यात आलं होतं. त्यानं नकार दिला, कारण पाटी वाचून चोर सावध झाला असता. मग एके संध्याकाळी, उजेड असताना, शेजाऱ्याची लांडोर उडून त्या बागेत गेली. तिच्यामागे धावणाऱ्या नोकराची अडचण पाहून बर्ड नावाचा एकोणीस वर्षांचा मुलगा मदतीला म्हणून भिंतीवर चढला. मालकाला त्यानं दोन-तीनदा हाका मारल्या, उत्तर आलं नाही, म्हणून तो आत उतरला, आणि तारेला पाय लागून गोळी त्याच्या गुडघ्यावर बसली. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ते याहून वेगळं काय असतं? १८२८ साली न्यायालयानं बर्डच्या बाजूनं निकाल दिला.

होलब्रुकनं पाटी लावायला दिलेला नकार मला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी गोष्ट वाटते. आजही सापळ्यांचं समर्थन 'जरब बसेल' या शब्दांत केलं जातं. पण जरब बसते ती दिसणाऱ्या गोष्टीची. दारावरचा कॅमेरा, आपोआप लागणारा दिवा, भिंतीला आवळलेली पेटी, 'इथे चित्रण चालू आहे' ही पाटी, हे पाहून चोर पुढच्या घराकडे वळतो. लपवलेला सापळा येणाऱ्या पहिल्या माणसाला अडवूच शकत नाही. त्याचं काम सुरू होतं तेच तो फसल्यावर. बार निघणाऱ्या खोक्यावर 'आत बार आहे' असं कुणी लिहीत नाही. का लिहीत नाही? ज्याला खरोखर फक्त चोरी टाळायची आहे, तो ते मोठ्या अक्षरांत लिहील.

त्या काळच्या इंग्लंडमध्ये जमीनदारांच्या रानांत अशा बंदुका आणि माणसाचा पाय जखडणारे लोखंडी सापळे सर्रास लावले जात, चोरून शिकार करणाऱ्यांसाठी. त्यांच्या बाजूनं बोलणारे तेव्हाही हेच म्हणत होते: रखवालदार पुरत नाहीत, न्यायाधीश ढिले आहेत, आमच्या रानात आलाच कशाला? १८२७ साली संसदेनं हे सापळे लावणं गुन्हा ठरवलं; राहत्या घराच्या आत, तेही रात्रीपुरती, मुभा ठेवली. पण संसद तिथेच थांबली नाही, आणि आजच्या वादासाठी हा भाग अधिक कामाचा आहे. चार वर्षांनी, १८३१ च्या कायद्यानं, मोठ्या जमीनजुमल्याशिवाय शिकारीचा हक्क नाही ही अट गेली आणि परवानाधारकांना शिकारीचं मांस उघड विकता येऊ लागलं. तोवर त्या मांसाची कायदेशीर विक्रीच होत नव्हती आणि म्हणून चोरट्या बाजाराला ऊत आला होता. म्हणजे ज्या राज्यकर्त्यांनी नागरिकांच्या हातातला सापळा काढून घेतला, त्यांनी चोरीला खतपाणी घालणारी व्यवस्थाही बदलायला घेतली. आज पहिलं काम झालेलं आहे. दुसरं कुणी हाती घेत नाही.

अमेरिकेतलीच दोन कलमं शेजारी ठेवून पाहावीत. टेक्सासचा दंडकायदा मालमत्तेच्या रक्षणाबाबत तिथल्या बहुतेक राज्यांहून कठोर आहे. रात्रीच्या चोरीत, काही अटींवर, जीवघेणं बळ वापरायलाही तो परवानगी देतो. ते मला पटत नाही, पण क्षणभर बाजूला ठेवू. त्याच कायद्यात दोनच कलमं पुढे यंत्रांबद्दल वेगळी तरतूद आहे: मृत्यू किंवा गंभीर इजा घडवण्यासाठी बनवलेलं, किंवा तसा मोठा धोका निर्माण करणारं यंत्र लावलं तर हा बचाव मिळत नाही. हातात बंदूक घेऊन दारात उभ्या राहणाऱ्यावर जो कायदा एवढा विश्वास टाकतो, तोही यंत्रावर तो टाकत नाही. चोराची दया हे त्याचं कारण असतं तर माणसालाही परवानगी नसती. अमेरिकन लॉ इन्स्टिट्यूट या कायदेतज्ज्ञांच्या संस्थेनं १९६२ साली राज्यांसाठी जो आदर्श दंडकायदा तयार केला, त्यातही तीन अटी आहेत. यंत्र जीवघेणं किंवा गंभीर इजा करणारं नसावं; परिस्थितीचा विचार करता ते वापरणं वाजवी असावं; आणि ते अशा कामासाठी नेहमी वापरात असलेलं तरी असावं, नाहीतर येऊ शकणाऱ्याला त्याची कल्पना देण्याची काळजी तरी घेतलेली असावी. घरगुती बाराचं खोकं तिसऱ्या अटीवर सरळ नापास होतं, आणि दुसऱ्या अटीवर त्याला काय म्हणून पास करायचं हे मला सांगता येणार नाही.

भारताच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही १९६३ साली हा प्रश्न आला होता, चेरूबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या खटल्यात. आरोपीच्या शेजारच्या घरातल्या शौचालयाची भिंत पडली होती, म्हणून तिथल्या बायका आरोपीचं शौचालय वापरत होत्या. त्याला ते नको होतं. त्यानं तिकडे जायच्या वाटेवर विजेचा प्रवाह सोडलेली उघडी तार लावली, कसलीही सूचना न देता. शेजारची एक बाई त्या तारेनं मरण पावली. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आहे, ती परवानगीवाचून आत आली होती, हा त्याचा बचाव न्यायालयानं मानला नाही आणि निष्काळजीपणानं मृत्यूला कारण झाल्याबद्दलची शिक्षा कायम केली. परवानगीवाचून आत आलेला माणूस कायद्याच्या संरक्षणाबाहेर फेकला जात नाही, हे तिथे स्पष्ट झालं. आयोवा, ब्रिस्टल, बिहार: तीन काळ, तीन समाज, आणि निष्कर्ष एकच. सगळीकडचे न्यायाधीश एकाच वेळी चोरांचे हितचिंतक झाले, असं मानायचं का?

आता उरतो तो सौम्य यंत्रांचा प्रश्न, आणि तिथे मी कायद्याची भीती फुगवून सांगणार नाही. नुसती चमकी उडवणाऱ्यावर खटला भरायला कुठला सरकारी वकील फारसा उत्साही असेल असं मला वाटत नाही. पण धोका आहे, आणि तो बनवणाऱ्याच्या लक्षात न येणाऱ्या जागी आहे. खोक्यात लपवलेला फोन दुसऱ्याच्या घरातलं बोलणं टिपतो; कॅलिफोर्नियासारख्या राज्यांत खासगी संभाषण सर्वांच्या संमतीवाचून ध्वनिमुद्रित करणं हा गुन्हा आहे, आणि खोलीत चोराशिवाय इतरही माणसं असतात. इजा झालीच तर दिवाणी दावा होतो, आणि हेतुपुरस्सर केलेल्या कृतीची भरपाई घराच्या विम्यातून सहसा मिळत नाही. हेतू सिद्ध करायला फिर्यादीला फार कष्टही पडत नाहीत. यंत्र बनवतानाचा व्हिडिओ, 'आता कळेल बेट्याला' ही ओळ, मित्रांबरोबर केलेली चर्चा, हे सगळं यंत्राच्या मालकानंच जगाला दाखवलेलं असतं. ज्यूरीपुढे तेच लावलं जाईल.

शिवाय खोक्याला हात लावणारा प्रत्येक जण चोर असतो, हे गृहीतच कच्चं आहे. आभाळ भरून आलेलं पाहून शेजारच्या आजी तुमचं पार्सल आपल्या घरात नेऊन ठेवायला वाकतात. चुकीच्या घरी ठेवलं म्हणून कुरिअरवाला परत येऊन ते उचलतो. तुमचाच मुलगा शाळेतून लवकर येतो. किंवा ओरेगन राज्यातल्या एका प्रसंगासारखं काही घडलं तर? तिथे २०१८ साली एका माणसानं ताबा जाणाऱ्या आपल्या मालमत्तेत सापळे पेरून ठेवले होते. तपासाला गेलेल्या एफबीआयच्या माणसाला व्हीलचेअरला जोडलेल्या काडतुसाचे छर्रे पायात लागले. आणि २०१९ च्या नोव्हेंबरात मेन राज्यातल्या व्हॅन ब्यूरन गावी एका पासष्ट वर्षांच्या माणसानं घरात शिरणाऱ्यासाठी दाराला पिस्तूल जोडून ठेवलं होतं. गोळी त्यालाच लागली आणि तो गेला. सापळा लावणाराच त्या घरात सर्वांत जास्त वावरतो, हे लावताना कुणाच्या मनात येत नाही.

मग पोलीस आमिषाची खोकी ठेवतात ते कसं चालतं, असं कुणी विचारील. २०१८ च्या डिसेंबरात जर्सी सिटीच्या पोलिसांनी ट्रॅकर लावलेली खोकी दारांपुढे ठेवली. एक तर तीन मिनिटांत चोरीला गेलं. तो सापळाच होता. फरक एवढा की त्या खोक्यातून काहीही उडत नाही. ते फक्त आपण कुठे आहोत हे सांगतं, आणि पुढचा निर्णय माणूस घेतो: गणवेशातला, नाव लावलेला, चुकला तर ज्याला न्यायालयात उभं करता येईल असा. घरमालकानं आपल्या खऱ्या पार्सलात ट्रॅकर ठेवला, कॅमेऱ्यातला चेहरा आणि गाडीचा क्रमांक पोलिसांना दिला, तर मला त्यात काहीच गैर वाटत नाही. पण पुढे होऊन स्वतः त्या पत्त्यावर जाणं नको. समोर कोण आहे, त्याच्याकडे काय आहे, हे ठाऊक नसताना शंभर डॉलरच्या वस्तूसाठी दुसऱ्याच्या दारात उभं राहणं जिवाशी खेळ आहे.

राहिला मूळ प्रश्न: पार्सल उघड्या पायरीवर ठेवायचं हे ठरवलं कुणी? घरमालकानं नाही. सही घेणं, परत फेरी मारणं, जवळच्या लॉकरमध्ये ठेवणं यात वेळ आणि पैसा जातो. तो वाचवायचा म्हणून खोकं पायरीवर सोडायची पद्धत पडली आणि चोरीची जोखीम गुपचूप गिऱ्हाइकाच्या दारात येऊन बसली. ब्रिटनच्या २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्यात याचं साधं उत्तर आहे. वस्तू ग्राहकाच्या, किंवा त्यानं नेमलेल्या माणसाच्या, प्रत्यक्ष ताब्यात जाईपर्यंत जोखीम विक्रेत्याची. ग्राहकानं सांगितलेलं नसताना पायरीवर ठेवलं आणि ते गेलं, तर ते विक्रेत्याचं गेलं. युरोपीय संघाच्या २०११ च्या निर्देशातही असाच नियम आहे. अमेरिकेत ग्राहकाला असं सरसकट संरक्षण नाही. बरंचसं विक्रेत्याच्या धोरणावर आणि क्रेडिट कार्ड कंपनीकडे केलेल्या तक्रारीवर अवलंबून राहतं. ज्याच्या खिशातून पैसे जातात तो उपाय शोधतो. हे नुकसान विक्रेत्याच्या वहीत पडू लागलं की लॉकर, ठरलेल्या वेळेची पोच, कोड सांगितल्यावाचून न सुटणारं पार्सल, हे सगळं परवडायला लागेल. आज ते परवडत नाही, कारण चोरीचा खर्च दुसराच कुणीतरी भरतो आहे.

पार्सलचोरांवर चिडलेल्या प्रत्येक माणसानं आपल्या राज्याच्या प्रतिनिधीकडे ही मागणी करावी. चोराची शिक्षा वाढवणारी विधेयकं येतात, टेक्सासनं तसं केलंही. जोखीम विक्रेत्याकडे ठेवणारं विधेयक त्याच्या जोडीला यायला हवं. तोवर, गॅरेजमध्ये बसून यंत्रं बनवायची ज्यांना हौस आहे आणि हातात कसब आहे, त्यांच्यासाठी काम भरपूर आहे. जमिनीला बोल्टनं आवळलेली लोखंडी पेटी, वरून टाकलेलं पार्सल आत सरकेल पण हात घालून बाहेर काढता येणार नाही असं तिरकं झाकण, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून कडेला रबराची पट्टी, आणि कुरिअरवाल्याला दुरून वाचता येईल अशी पाटी.